नॉर्मलच्या आधीचं वाक्य

कोशाच्या कचेरीत एक नियम होता आणि तो मोडणाऱ्याची धडगत नसे: उदाहरणाचं वाक्य मनाने रचायचं नाही. रोजच्या बोलण्यात मुरलेल्या इंग्रजी शब्दांचा तो कोश. छापायचं ते वाक्य कुणीतरी, कुठेतरी खरोखर बोललेलं हवं आणि नोंद करणाऱ्याने ते स्वतःच्या कानांनी ऐकलेलं हवं. एवढ्यावरही भागत नसे. त्या वाक्याच्या अगोदर काय बोलणं झालं, तेही कार्डावर उतरवून आणावं लागे.

“शब्द काही हवा खायला बाहेर पडत नाही,” संपादक म्हणत. “कुणीतरी दार ठोठावतं म्हणून तो बाहेर येतो. कुणी ठोठावलं ते आधी आणा.”

संपादकांना पाठीमागे सगळे ‘पूर्णविराम’ म्हणत, कारण ते बोलले की विषय संपला. शेजारच्या टेबलावरच्या बाई ‘स्वल्पविराम’, कारण त्यांचा विषय कधी संपतच नसे. दोन्ही नावं त्या बाईंनीच ठेवलेली, त्यामुळे त्यांना तरी रागवायला जागा नव्हती.

कोशासाठी नोंदी करणाऱ्या भुंग्याच्या आईच्या वाट्याला ‘नॉर्मल’ आला. भुंगा म्हणजे तिचा मुलगा, तिसरं वर्ष सरत आलेला. जमिनीला कपाळ टेकवून एकसुरात गुणगुणत बसायची त्याला सवय, म्हणून आजीने भुंगा म्हणायला सुरुवात केली आणि कागदावरचं नाव कागदावरच राहिलं.

आधी तिला वाटलं, चला, सोपा शब्द मिळाला. मग कार्डांचा ढीग वाढायला लागला. खाणावळीतला वाढपी विचारायचा, “पाणी थंड की नॉर्मल?” प्रसूतिगृहाच्या जिन्यात एक आजीबाई फोनवर ओरडत होत्या, “मुलगी झाली! नॉर्मल झाली!” यातला दुसरा ‘झाली’ मुलीबद्दल नसून बाळंतपणाबद्दल आहे, हे परक्या माणसाला समजावायचं तर अख्खा परिच्छेद लागला असता. बसमध्ये एक मुलगी शेजारच्या मुलाला म्हणाली, “तू जरा नॉर्मल बोलशील का?” रक्त तपासून आलेले एक म्हातारे दारातूनच बायकोला म्हणाले, “सगळं नॉर्मल,” आणि ती बाई होती तिथे, पायरीवरच मटकन बसली.

“माझ्या नवऱ्याला लावून बघ,” स्वल्पविरामबाई म्हणाल्या, “एकही अर्थ बसायचा नाही, काल मोजे फ्रिजमध्ये ठेवले, आणि वर मलाच विचारतो, दूध कुठंय, दूध निघालं कपाटात, मोज्यांच्या जागी, आणि हा माणूस बँकेत अधिकारी आहे बरं का, ते जाऊ दे, भुंगा बोलायला लागला का?”

“अजून नाही हो.”

“अगं, नॉर्मल आहे ते! माझा भाचा चांगला मोठा होईपर्यंत तोंडात मिठाची गुळणी धरून बसला होता, आता वकील आहे, थांबवावा लागतो.” मग त्यांनी स्वतःच बोट दाखवलं. “लिही, लिही. हेही कार्ड झालं.”

तिने लिहिलं. आधीचं बोलणं म्हणून ‘भुंगा बोलायला लागला का?’ आणि ‘अजून नाही हो’ हेही लिहिलं.

दुपारी अर्थ लावायला तिने कार्डं टेबलावर पसरली, आणि का कोण जाणे, तिची नजर नुसत्या आधीच्या वाक्यांवरून फिरली. पाणी, बाळंतपण बाजूला ठेवलं तर उरलेली अशी होती: ‘सारखा ताप येतोय, घाबरण्यासारखं नाही ना?’ ‘वजन एवढं कसं उतरलं?’ ‘हल्ली तो माझ्याशी धड बोलतच नाही.’ ‘रात्री रडते आणि सकाळी काही आठवत नाही म्हणते.’ प्रत्येक वाक्यात कुणीतरी धास्तावलेलं होतं. प्रत्येकावर तोच एक शब्द येऊन बसला होता, आणि त्यानंतर कुणी पुढचा प्रश्न विचारल्याचं तिला एकदाही आठवेना.

ती कार्डं घेऊन संपादकांसमोर उभी राहिली.

“सर, इथे हा शब्द काही वर्णन करतच नाही. समोरच्याला गप्प बसवतो. मायेनं बसवतो, पण बसवतो.”

संपादकांनी चष्मा कपाळावर चढवून कार्डं डोळ्यांजवळ धरली. “अर्थ म्हणून जाणार नाही. वापर म्हणून लिहा.” मग शेवटच्या कार्डाशी थांबले. “हा भुंगा कोण?”

“माझा मुलगा, सर.”

“मग? पुढे काय झालं त्याचं?”

“काही नाही, सर. ते नॉर्म…” तिने जीभ चावली.

संपादक हसले नाहीत. रागावलेही नाहीत. त्यांनी कार्ड तिच्या हातात परत दिलं, आणि पूर्णविरामाने विषय असा अर्ध्यावर सोडलेला कचेरीत कुणी पाहिला नव्हता.

तिने घरी विषय काढला नव्हता अशातला भाग नाही. भुंगा वर्षाचा झाला तेव्हापासून ती काढतच होती. जन्मला तेव्हा कानांची तपासणी व्हायची होती, पण त्या दिवशी दवाखान्यातलं यंत्र बिघडलेलं. नंतर या म्हणाले, आणि ते ‘नंतर’ राहूनच गेलं. मुलांचे डॉक्टर भुंग्याकडे बघून हसले, भुंगा त्यांच्याकडे बघून हसला, आणि तिथेही तोच शब्द मिळाला. शिवाय घरात तिच्या शंकेवर एक हमखास उतारा होता. पातेल्याचं झाकण.

सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या, जुन्या लाकडी फळ्यांची जमीन. तिने तोंड उघडलं की सासूबाई भुंग्याला खोलीच्या मधोमध जमिनीवर बसवायच्या, हातात एखादं खेळणं द्यायच्या, पाठीमागे जाऊन मोठ्या पातेल्याचं जड झाकण दाणकन जमिनीवर आपटायच्या. भुंगा गर्रकन मान वळवायचा.

“बघ,” सासूबाई म्हणायच्या. “त्याचे कान चांगले आहेत. तुझे दाखवून ये एकदा. घरात मी बोलते ते तुला कुठे ऐकू येतं?”

नवरा खो खो हसायचा. तो लिफ्टा दुरुस्त करायचा. “पोरगं माझ्यावर गेलंय. बोलायचं कमी, काम जास्त.”

“तुझ्यावर? तू तर झोपेतही बडबडतोस.”

“ते मी तुझ्या शंकांना उत्तरं देत असतो. दिवसा वेळ कुठे देतेस?”

मग तीही हसायची. खरं सांगायचं तर झाकण आपटलं जायची ती वाटच बघायची. मान वळली की छातीवरचा धोंडा उतरायचा, चार दिवस झोप लागायची. पुन्हा कुरतडायला लागलं की पुन्हा विषय काढायचा, म्हणजे पुन्हा झाकण. कॉलेज शिकलेली, पुस्तकं चाळणारी बाई ती, पण त्या आवाजापुढे तिला दुसरं काही सुचत नसे.

त्या रविवारी सासूबाई भाजी आणायला गेल्या होत्या. नवरा पलीकडच्या खोलीत शिवणयंत्राची मोटर उघडून बसला होता. भुंगा पलंगावर, जाड गादीच्या मधोमध, दरवाजाकडे पाठ करून लाकडी ठोकळा चाटत होता. ती ओट्याशी भांडी आवरत होती. ताटल्यांची चळत उचलताना हात ओला होता, आणि सगळी चळत सिंकमध्ये कोसळली. असा काही आवाज झाला की खालून सायकलवाल्याने ओरडून विचारलं, “काय पडलं हो वहिनी?”

“काही नाही, ताटल्या!” असं खाली ओरडत ती वळली. भुंगा घाबरला असेल, रडेल, म्हणून हात पुसत त्याच्याकडे धावणार होती.

भुंगा ठोकळा चाटत होता.

खालच्या माणसाने ऐकलं होतं.

तिने झाकण उचललं. एका हाताने मुठीला लोंबतं धरलं, दुसऱ्या हातात डाव घेतला, पलंगाला स्पर्श होऊ न देता भुंग्याच्या डोक्यामागे गेली आणि हवेतल्या हवेत जोरात मारलं. तिचेच कान किटले. भुंग्याने ठोकळा फिरवून दुसरी बाजू चाटायला घेतली.

“काय चाललंय काय?” नवरा हातातला पाना तसाच घेऊन दारात आला. “घर विकायला काढलंय का?”

“हाक मार त्याला.”

“भुंग्या!”

“मोठ्यानं.”

“ए भुंग्या! ए बाबा! खेळात आहे गं तो.”

“बघ हं.” तिने पुन्हा मारलं. एकदा, मग लागोपाठ. नवऱ्याने कानांवर हात ठेवले. भुंगा हलला नाही.

“त्याला सवय झालीय झाकणाची,” नवरा म्हणाला, पण आवाजात दम नव्हता.

तिने भुंग्याला उचललं, खाली फळ्यांवर बसवलं, पाठीमागे चार हात लांब जाऊन उभी राहिली, आणि अनवाणी टाच जमिनीवर टेकवली. आपटली नाही, नुसती जरा दाबून टेकवली. तिला स्वतःला आवाज आला नाही.

भुंग्याने मान वळवली आणि तिला बघून तोंडभर हसला.

नवरा पाना खाली ठेवून उकिडवा बसला. फळीवर तळवा पसरला. “परत कर.”

तिने टाच टेकवली. भुंगा वळला. नवऱ्याने तळवा उचलला नाही. त्याच्या कामात हे रोजचंच होतं. लिफ्ट चालू असताना रुळावर हात ठेवायचा आणि कुठला बेअरिंग गेला ते हातानेच ओळखायचं, कानाला नंतर विचारायचं. एवढ्या वर्षांत घरात ही गोष्ट त्याच्या डोक्यात आली नव्हती. कामाचे हात तो कामावरच ठेवून यायचा.

“आवाज नाही गं,” तो शेवटी म्हणाला. “त्याला हादरा कळतोय.”

सासूबाई भाजीची पिशवी घेऊन आल्या तेव्हा दोघं जमिनीवरच बसलेले होते आणि झाकण मध्ये पडलेलं होतं. त्यांनी एकदा झाकणाकडे पाहिलं, एकदा मुलाच्या तोंडाकडे. पिशवी हातातच राहिली.

“आई,” ती म्हणाली, “तुम्ही त्याला कायम जमिनीवरच का बसवायच्या?”

“मग काय डोक्यावर बसवू?”

“पलंगावर का नाही? कडेवर घेऊन का नाही? एकदाही नाही.”

“अगं, पोरं जमिनीवरच खेळतात. काहीतरीच उकरून काढतेस तू. जरा कुठे…”

“आई,” नवरा म्हणाला, “तुला माहीत होतं?”

सासूबाईंनी पिशवी खाली ठेवली. एक बटाटा घरंगळत पलंगाखाली गेला, त्यांनी तो जाऊ दिला. पलंगाच्या कडेवर बसल्या आणि पदराने तोंड पुसत राहिल्या, जसं काही तोंड फार घामेजलं होतं.

“माझ्या पाठचा भाऊ असाच होता,” त्या म्हणाल्या.

“भाऊ? तुला भाऊ होता?”

“सगळे मुका म्हणायचे. तेच नाव पडलं. टाच आपटली की वळायचा. ते मीच शोधून काढलं होतं, लहान असताना. घरात कुणाला ठाऊक नव्हतं. मी टाच आपटायची आणि बाकीच्यांना म्हणायची, बघा, माझी हाक ऐकतो. फार शहाणी समजायचे मला.”

“मग कुठे आहे तो?”

सासूबाई जमिनीवरच्या भुंग्याकडे बघत होत्या. तो झाकणाच्या कडेवरून बोट फिरवत होता.

“माझ्या लग्नाचं बघत होते. लोक येत, त्याला बघत, आणि परत निरोप पाठवत नसत. मग एका ठिकाणी ठेवायचं ठरलं, तिथे अशीच माणसं ठेवत. तो दुसऱ्या कुणाबरोबर जायचा नाही. माझ्याबरोबर यायचा. म्हणून मी नेलं. फिरायला जातोय अशी खूण केली. हाताला धरून नेलं. पुढे लग्न झालं. मग सासरच्यांना… तुझ्या वडिलांनाही कधी सांगितलं नाही. एकदा निरोप आला, गेला म्हणून. तेव्हा तू पोटात होतास.”

खाली सायकलवाला कुठल्याशा चाकात हवा भरत होता. पंपाची धाप वर ऐकू येत होती.

“भुंग्याचं कधी कळलं तुम्हाला?” तिने विचारलं.

“पाळण्यात होता तेव्हाच.”

“आणि तुम्ही…”

“काय सांगायला हवं होतं? माझ्या रक्तातून आलंय म्हणून? तू मला या घरात ठेवलं असतंस? आणि त्याला? त्यालाही कुणी म्हणालं असतं, नेऊन ठेवा. घरोघर म्हणतात. शिकलेलेही म्हणतात.” त्यांचा आवाज चढला आणि मधेच फाटला. “झाकण मारलं की तुम्ही दोघं हसायचात. मला वाटायचं, चला, आजचा दिवस गेला.”

“त्यात त्याचे दिवस गेले, आई,” ती म्हणाली.

नवरा उठला आणि पलीकडच्या खोलीत जाऊन उघडलेल्या मोटरसमोर उभा राहिला. हात मात्र लावला नाही.

पुढे दवाखान्याच्या वाऱ्या झाल्या. झोपेचं औषध पाजून भुंग्याच्या डोक्याला वायरी लावल्या, मग आणखी मोठ्या यंत्रात घालून डोक्याचे फोटो काढले. त्या सगळ्या काळात ती सासूबाईंशी कामापुरतं बोलत होती. दूध उतू जातंय. दार लावून घ्या. नवरा दोघींच्या मधून असा वावरे, जसा बंद पडलेल्या लिफ्टमध्ये माणूस वावरतो. हलायला भीती, थांबायलाही भीती.

कान तपासणाऱ्या बाई तिच्याच वयाच्या होत्या. टेबलावर त्यांनी एक डबाभर लाकडी प्राणी ठेवले होते, भुंगा लगेच त्यांत गुंतला.

“दोन्ही कानांतून काहीच उत्तर नाही,” त्या म्हणाल्या. सरळ म्हणाल्या, आडवळण न घेता.

“पण ऑपरेशन असतं ना?” नवऱ्याने वाचून ठेवलं होतं. “आत यंत्र बसवतात. त्याने मुलं ऐकतात, बोलतात. मी व्हिडिओ पाहिलेत.”

“त्याला कानापासून मेंदूपर्यंत नस लागते. याच्या एका बाजूला ती दिसतच नाही. दुसऱ्या बाजूला आहे, पण दोऱ्यासारखी. मोठे डॉक्टर बघतील, पण मी तुम्हाला आशा लावणार नाही. यंत्र बसवूनही भाषा ऐकू येण्याइतका उपयोग होईल असं वाटत नाही.”

नवऱ्याने दोन्ही हात मांड्यांवर घासले. “म्हणजे मग… मॅडम, पण नॉर्मल मुलांसारखं…” पुढे त्याला वाक्य सापडलं नाही.

ती त्या बाईंच्या तोंडाकडे बघत राहिली. आता तो शब्द येईल, कुठल्या तरी गोड रूपात येईल, आणि आपण तो घेऊन घरी जाऊ. तिला लाज वाटली, पण तिला तो हवा होता. अजूनही हवा होता.

बाईंनी तो दिला नाही. त्यांनी विचारलं, “घरी याच्याशी बोलता कसे?”

“म्हणजे?”

“त्याला तहान लागली तर तो काय करतो?”

“रडतो.”

“आणि तुम्ही कामाला जाता, संध्याकाळी परत येणार आहात, हे त्याला कसं सांगता?”

तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं. रोज सकाळी ती दारात उभी राहून हसून सांगायची, आई ऑफिसला जाऊन येते हं, लवकर येते हं. भुंगा असा काही टाहो फोडायचा की ती जिना उतरत असताना सायकलवालाही म्हणायचा, आईवेडं आहे पोर. सगळे हसायचे. तीही हसायची, जरा सुखावायची सुद्धा.

“त्याला माहीतच नाही,” ती म्हणाली. “मी परत येणार हे.”

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

“त्याला रोज वाटतं मी गेले. रोज. गेलेच.”

नवऱ्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने तो झटकला नाही, पण तिला तो कळलाही नाही.

“हे बघा,” बाई म्हणाल्या, “या वयात मुलाचं डोकं शब्द मागत असतं. कानाने मिळाले नाहीत तर हातांनी द्यायचे. खुणांची भाषा पूर्ण भाषा आहे, तिच्यात मुलं भांडतात, खोटं बोलतात, विनोद करतात. पण याच्याकडे आज एकही शब्द नाही. ना आवाजाचा, ना हाताचा. पाळण्यात कळलं असतं तर आत्ता तो तुमच्याशी गप्पा मारत असता. गेलेलं सगळं भरून निघेल असं मी म्हणणार नाही. काही मुलांचं निघतं, काहींचं अर्धंमुर्धं राहतं. आमचा वर्ग पुढच्या महिन्यात सुरू होतो. तोपर्यंत थांबू नका. जे येतं त्याने सुरू करा.”

“आम्हाला काहीच येत नाही,” नवरा म्हणाला.

भुंग्याने लाकडी हत्ती टेबलाच्या कडेवर ठेवला आणि कपाळ टेबलाला टेकवून गुणगुणायला लागला. आपला आवाज त्याला कपाळातून मिळत होता. ती एवढी वर्षं समजत होती, पोर गातंय.

घरी आल्यावर तिने चप्पलही धड काढली नाही. सासूबाई खिडकीशी बसल्या होत्या. निकाल काय आला हे त्यांनी विचारलं नाही. तेवढं त्यांना तोंडं बघून कळत होतं. ती भुंग्याला घेऊन त्यांच्या समोर जमिनीवर मांडी घालून बसली.

“तुमच्या भावाशी तुम्ही कसं बोलायच्या?”

“काय?”

“खुणा असतील ना तुमच्या? घरातल्या? त्या दाखवा.”

“आता कुठे आठवणार मला…”

“आठवा.”

सासूबाईंनी हात पदराखालून काढले. पाच बोटं जुळवून तोंडाशी नेली. “जेव.” तळव्यावर गाल टेकवला. “झोप.” ओठांवर बोट. “गप्प.” आठवेल तशा त्या एकेक करत गेल्या. हात जोरात बाहेर फेकला, “जा तिकडे.” हात उगारला, “मार बसेल.” भुंगा डोळे विस्फारून बघत होता. आजी एवढे हात हलवते हे त्याने कधी पाहिलं नव्हतं.

ती पुढच्या खुणेची वाट बघत राहिली. सासूबाईंचे हात मांडीवर परत आले होते.

“एवढंच?”

“एवढंच लागायचं.”

“आणि तो? तो काय सांगायचा तुम्हाला?”

“तो काय सांगणार? त्याला कोण…” सासूबाई स्वतःच्या हातांकडे बघत म्हणाल्या, “काहीतरी करायचा खरा. पुष्कळ करायचा. आम्ही हसायचो.”

“मी जाते, पण परत येते. याला काय खूण होती?”

सासूबाईंचे हात वर आले. दोन बोटं पायांसारखी हवेत चालायला लागली, आणि ती बोटं कुठे चालली आहेत हे लक्षात येताच त्यांनी मूठ मिटली.

“ती नाही,” ती म्हणाली. “फिरायला नेण्याची खूण याला शिकवायची नाही.”

“परत येते, असं काही नव्हतं आमच्यात.”

ती उठली. भुंग्याला पलंगावर नाही, जमिनीवरही नाही, सासूबाईंच्या मांडीवर बसवलं. त्याच्या समोर वाकली, त्याची नजर आपल्या हातावर येईपर्यंत थांबली. तळवा स्वतःच्या छातीवर ठेवला, तो दाराकडे नेला, आणि पुन्हा छातीवर आणला. दार उघडून बाहेर गेली. दार लावलं.

आतून टाहो आला. तोच, रोज सकाळचा. तिने डोळे गच्च मिटले, जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिली, आणि मग दार उघडून आत आली. छातीवर हात. भुंगा हुंदके देत तिच्याकडे झेपावला, तिने त्याला घट्ट धरलं, त्याचं ओलं तोंड पुसलं, आणि पुन्हा आजीच्या मांडीवर बसवलं.

छातीवर हात, दाराकडे, छातीवर. बाहेर. टाहो. आत.

नवरा भिंतीला टेकून बघत होता. त्याच्याच्याने बघवेना.

“अगं, वर्ग सुरू होईल ना पुढच्या महिन्यात.”

ती बाहेर गेली, आत आली. भुंगा आता दारही उघडायच्या आधीपासून रडत होता, चेहरा लालबुंद, श्वास अडकत होता. सासूबाईंनी त्याला पोटाशी कवटाळलं.

“पुरे गं,” त्या म्हणाल्या. त्यांच्याही डोळ्यांना धार लागली होती. “लेकरू घाबरलंय किती.”

“घाबरलेलंच होतं, आई. रोज घाबरत होतं.” तिने त्यांच्या मिठीतून त्याची हनुवटी हलकेच वर केली, त्याचे डोळे आपल्या हातावर आणले. “त्याचं तोंड माझ्याकडे करा. त्याला माझा हात दिसू दे.”

सासूबाईंनी त्याला वळवलं. तिने तळवा छातीवर ठेवला, दाराकडे नेला, परत छातीवर आणला, आणि बाहेर जाऊन दार ओढून घेतलं.